तुरळक ठिकाणी

आमच्या आण्णांनी उभ्या जन्मात सरकारच्या तीनच माणसांवर विश्वास ठेवला. एक तलाठी, तोही नाइलाजानं. दुसरा एसटीचा कंडक्टर. आणि तिसरा म्हणजे आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी बातम्या सांगणारा आवाज. त्या दहा मिनिटांत घरात कुणी भांडं आपटलं तरी आण्णा नुसते बघायचे. मुख्यमंत्री बदलले, साखर कारखान्याची निवडणूक झाली, कुठं संप झाला, हे सगळं ते चहा फुंकत ऐकायचे. शेवटी हवामान लागलं की बशी खाली. मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी पाऊस पडण्याची शक्यता आहे, असं काहीसं एक वाक्य यायचं. आण्णा उठायचे, अंगणात जाऊन पश्चिमेला पुरंदरच्या डोंगराकडं बघायचे आणि म्हणायचे, "पाऊस सांगितलाय."

तुरळकही नाही, शक्यताही नाही. पाऊस सांगितलाय.

आमचं रान कऱ्हेच्या अंगाला, पुरंदर तालुक्याच्या कोरड्या बाजूला. बाजरी, थोडा वाटाणा, थोडा घेवडा. आमच्याकडचा पाऊस म्हणजे घाटावर वाढून झाल्यावर उरलेलं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आमच्याकडं त्याच्या आठव्या हिश्शाला लोक पेढे वाटतील. जिल्हा मात्र एकच, पुणे. रेडिओचा ‘मध्य महाराष्ट्र’ तर त्याहून मोठा. खानदेशापासून कोल्हापूरपर्यंतचा मुलूख त्या एका शब्दात. महाबळेश्वरही त्यात आणि म्हसवडही त्यात. त्या वाक्यातला पाऊस नेमका कुणाचा, हे ऐकणाऱ्यानं आपलं आपण ठरवायचं. आण्णा तो नेहमी आपलाच धरायचे. कोरडवाहू माणूस आणखी काय करणार?

मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक झालो तेव्हा पहिल्या आठवड्यातच हवामानाची चौकट माझ्या टेबलावर आली. नव्या पोराला तीच द्यायची रीत होती. वेधशाळेकडून इंग्रजीत फॅक्स यायचा, तो मराठी करून चार ओळींत बसवायचा. तिथं मला पहिल्यांदा कळलं की लहानपणापासून ऐकलेला ‘तुरळक’ हा शब्द ढिला नाही, तो मापाचा आहे. एखाद्या विभागातल्या पाऊस मोजण्याच्या शंभर ठिकाणांपैकी पंचवीसपर्यंत ठिकाणी पाऊस पडणार असेल तर त्यांच्या भाषेत ‘आयसोलेटेड’, आपल्याकडं तुरळक. सव्वीस ते पन्नास म्हणजे काही ठिकाणी. त्याच्या वर पंचाहत्तरपर्यंत बऱ्याच ठिकाणी, आणि त्याही वर गेलं की बहुतेक सर्व ठिकाणी. पाऊस म्हणायचा तोही अडीच मिलिमीटर तरी पडला तर. ‘मुसळधार’ला माप, ‘अतिमुसळधार’ला माप. चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, एकशे साडेपंधराच्या पुढं अतिमुसळधार.

म्हणजे ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द खरं तर असं सांगत होता, की शंभरातल्या पंचाहत्तर ठिकाणी पाऊस नाही. आण्णा पाच-पन्नास वर्षं तो पाऊस आहे म्हणून ऐकत होते. आणि हे माप त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सोनार गुंज वापरतो तेव्हा गिऱ्हाइकालाही गुंज म्हणजे काय ते ठाऊक असतं. इथं माप एकाकडं आणि माल दुसऱ्याकडं.

हे मला कळलं. कळल्यावर मी काय केलं, ते आता सांगतो.

2002 सालचा जून संपत आला होता. त्या वर्षी देशभराचा अंदाज सरासरीच्या 101 टक्क्यांचा होता, म्हणजे सगळं ठीक. आमच्याकडं एक-दोन सरी येऊन गेलेल्या, वरची ढेकळं भिजलेली, खाली ओल बोटभरच. निम्म्या गावानं पाभरी बाहेर काढल्या होत्या, निम्मं गाव थांबलं होतं. आण्णा थांबणाऱ्यांत. त्या रात्री माझ्या टेबलावर फॅक्स आला, त्यात मध्य महाराष्ट्रासाठी पुढच्या दोन दिवसांसाठी तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता लिहिली होती. चौकटीला जागा कमी होती, बाजूला जाहिरात आली होती. मी ‘तुरळक ठिकाणी’ उडवलं, ‘शक्यता’ उडवली आणि मथळा केला, ‘राज्यात पाऊस’. दोन शब्दांचा, ठसठशीत. रात्रपाळीच्या प्रमुखांनी पाठ थोपटली.

तेवढ्यावर थांबलो असतो तर निदान एका माणसापुरता तरी सुटलो असतो. सकाळी मी गावात दुकानातल्या फोनवर आण्णांना बोलावून घेतलं.

"काय म्हणतोय रं पेपर?"

"पाऊस लागतोय आण्णा. पेरून घ्या."

"नक्की का?"

"नक्की."

हा ‘नक्की’ कुठून आला, याचा मी गेली वीस-बावीस वर्षं विचार करतोय. फॅक्समध्ये तो नव्हता. वेधशाळेतल्या कुणी तो उच्चारला नव्हता. तो माझा होता. आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं होतं, आणि पुण्यात राहणारा, शिकलेला मुलगा ‘सांगता येत नाही’ असं कसं म्हणणार? त्यांना ‘तुरळक’ समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. फोनचं मीटर पळत होतं, हे आपलं सांगायला कारण. खरं म्हणजे मला त्यांच्या नजरेत मोठं व्हायचं होतं.

आण्णांनी दुसऱ्या दिवशी चाड्यावर मूठ धरली. पाच एकर बाजरी. चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर आले, हिरवी ओळ दिसायला लागली आणि मग जुलै सुरू झाला. 2002 चा जुलै ज्यांनी रानात काढला त्यांना वेगळं सांगायला नको. देशभरात त्या महिन्यात नेहमीच्या निम्माच पाऊस पडला. हंगामाच्या शेवटी हिशेब लागला तो 101 नाही, 81 टक्क्यांचा. डॉ. वसंत गोवारीकरांच्या मार्गदर्शनाखाली 1988 पासून वापरात असलेली सोळा घटकांची पद्धत त्यानंतर, 2003 मध्ये बदलली. शास्त्रज्ञांनी आपला ठोकताळा चुकला हे मान्य करून नवा बसवला, ही मला मोठी गोष्ट वाटते. आमच्या रानात मात्र बाजरी ओळीनं पिवळी पडली आणि ओळीनंच मेली. आईच्या पाटल्या सासवडला गेल्या, दुबार बी आलं. आण्णा मला एक शब्द बोलले नाहीत. गावात कुणी विचारलं तर म्हणायचे, "रेडिओनं फसवलं."

रेडिओनं फसवलं नव्हतं. ते ऐकताना मी मान खाली घालून भाकरी खायचो.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आण्णांचा मोतीबिंदू काढायला त्यांना पुण्यात आणलं. डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे होते. त्यांनी सांगितलं, "बाबा, शंभरातल्या नव्वद-पंचाण्णव जणांना स्वच्छ दिसायला लागतं. चार-पाच जणांना त्रास होतो. तुम्ही कशात बसाल ते मला आज सांगता येणार नाही." मला वाटलं, आता हे घाबरणार. आण्णांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "नव्वद म्हंजे लई झालं. करा." नंतर बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाले, "माणूस सरळ हाय. कुठवर ठावं हाय आन् कुठनं पुढं न्हाई, दोन्ही बोलला."

हे ऐकून मी चपापलो. शेतकऱ्याला टक्केवारी कळत नाही, त्याला हो किंवा नाही असंच सांगावं लागतं, हे आम्ही पेपरवाले एकमेकांना सांगत आलो होतो. अजूनही मोठी शिकलेली माणसं हे म्हणतात. अरे, ज्यानं आयुष्यभर आडत्याच्या रुमालाखाली बोटं धरून बैलाचा सौदा केला, गाभण म्हणून घेतलेली म्हैस भाकड निघण्याचा धोका हिशेबात धरला, त्याला शंभरातले नव्वद कळत नाहीत होय? त्याला कळत नाही ते वेगळंच. ‘सरासरीच्या 96 टक्के’ म्हटलं की तो पाऊस येण्याची खात्री 96 टक्के आहे असं समजतो, कारण टक्का कशाचा हे कुणी उलगडून सांगत नाही. आणि ती सरासरी अख्ख्या देशाची, जून ते सप्टेंबरची, 87 सेंटिमीटरच्या आसपास. त्यातले आमच्या बांधावर किती, यावर तो आकडा गप्प.

दवाखान्यातून परत येताना शिवाजीनगरला आण्णांनी बसमधून पाटी वाचली. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यानं वाचली. "शिमला हाफिस. हे कुठलं रं शिमला हितं?" मी सांगितलं, हीच वेधशाळा. 1875 साली हे खातं निघालं, कलकत्त्याहून त्याचं मुख्यालय शिमल्याला गेलं, तिथून 1928 मध्ये पुण्याला आलं, म्हणून लोक अजून शिमला ऑफिस म्हणतात. पुढं 1944 ला मुख्यालय दिल्लीला गेलं तरी नाव राहिलं. शेतीच्या हवामानाचा विभाग तर 1932 मध्ये इथंच निघाला. मी पुढंही बोलणार होतो, पण आण्णा उठून उभे राहिले होते. "उतरू."

उतरलो. तो दगडी मनोरा आण्णा बराच वेळ मान वर करून बघत होते. मला धास्ती, आता हे आत जाऊन भांडणार आणि तिथला कुणी साहेब जुने कागद काढून दाखवणार की बाबा, आम्ही तर ‘तुरळक’ म्हणालो होतो.

"आत जायचंय का?" मी विचारलं.

"नगं. त्येंला एकच इचारायचं हुतं. आपल्याला खात्री असती तवाचा आवाज येगळा असतो आन् नसती तवाचा येगळा. रेडिओवर ह्येंचा आवाज कायम एकच कसा?"

मी तिथंच, फाटकाच्या बाहेर, त्यांना सगळं सांगितलं. फॅक्स, मथळा, ‘नक्की’. आण्णांनी ऐकून घेतलं. टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाले, "मला वाटलंच हुतं. तुझा आवाज लई पक्का हुता." आणि बसस्टॉपकडं चालायला लागले. आईच्या पाटल्यांचं नाव त्यांनी तेव्हाही काढलं नाही, नंतरही नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक प्रश्न ठाण मांडून बसलाय, आणि तो हवामानापुरता नाही. जे पुरतं माहीत नाही ते दुसऱ्याला कसं सांगावं? ‘नक्की’ म्हणणं हे खोटं, हे मी पाच एकर बाजरी देऊन शिकलो. पण ‘तुरळक ठिकाणी शक्यता’ असं म्हणून मोकळं होणं, हे तरी खरं आहे का? ते वाक्य कधीच चुकत नाही. कुठंतरी पडतोच. चुकू नये म्हणून बोललेलं आणि कळावं म्हणून बोललेलं, दोन्ही शब्दाला शब्द सारखंच असू शकतं, आणि ऐकणाऱ्याला त्यातला फरक बरोबर लागतो. सांगणाऱ्याचा पगार पाऊस पडो न पडो, एक तारखेला होतो. माझाही झाला होता. ज्याचं बी मातीत जाणार त्याच्याशी बोलताना आपल्या अब्रूची काळजी आधी करावी की त्याच्या बियाण्याची?

2017 मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. अंदाजावर भरवसा ठेवून पेरलं, पाऊस आला नाही, म्हणून. शहरात लोक हसले. मला हसू आलं नाही. बुलढाण्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, हजारो लोक तिथं पिकापाण्याचं भाकीत ऐकायला जातात. पट्टणकोडोलीला फरांडेबाबांची भाकणूक होते. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक का गाढव ते बघून आमच्या गावात अजून पैजा लागतात. यांतलं काही चुकलं म्हणून पोलीस ठाण्यात कुणी गेलेलं मी ऐकलं नाही. तक्रार झाली ती वेधशाळेचीच. कारण तिनं मोजता येईल असं काही सांगितलं होतं, आणि तिचा शब्द खरा धरून माणसं खिशात हात घालतात. असा मान त्या खात्याला त्याच्या सगळ्या पुरस्कारांतून मिळाला नसेल.

पण इशारा दिला म्हणजे काम झालं, असंही नाही. आमच्याच जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यात, 30 जुलै 2014 ला सकाळी माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं. गाव जागेवर नाही, हे बाहेर पहिल्यांदा कळलं ते त्या वाटेनं गेलेल्या एसटीच्या चालकामुळं. डोंगरातल्या माणसाला ‘मुसळधार’ हा शब्द आषाढ-श्रावणात रोजचा. त्याला रोजच्या मुसळधारमधला आजचा वेगळा आहे, हे कोण सांगणार आणि कशानं? माळीणनंतर मी कितीदा तरी विचार केला, की माणसाला खरंच उठून घराबाहेर पडावं असं वाटायला लावणारा शब्द मराठीत आहे का. ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर 2013 ला फायलिन आलं तेव्हा लाखो लोक आधीच हलवले होते आणि मरणारे मोजकेच. शास्त्र सुधारलं होतं हे खरंच, पण दारावर थाप मारणारं, ओळखीचं कुणीतरी होतं, हेही खरं.

शहरातली गत निराळी नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत लोकांना जाग आली ती पाण्यात. ज्या पुण्यात 1961 च्या 12 जुलैची, पानशेतची, आठवण घराघरांत सांगितली जाते, ज्या पुण्यात वेधशाळा आणि पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था शेजारी-शेजारी म्हणावीत अशी नांदतात, तिथली ही कथा. ढगातलं गणित खाली आलं, शेवटचा जिना उतरायचा राहिला.

आता रंग आले आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे हला. पुण्यासाठी घाटाचा इशारा वेगळा देतात, हे फार चांगलं झालं. विजेसाठी ‘दामिनी’ आहे, शेतीसाठी ‘मेघदूत’ आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा शेतीसल्ला निघतो. तरी चूक होतेच, आणि तांबडा लागला की शाळा बंद आणि वर कडक ऊन, असंही होतं. मग लोक खिल्ली उडवतात. मला आमच्या वहिनींचं आठवतं. एका वैशाखात अवकाळीचा इशारा होता. ऐरणीत दीडशे पिशवी कांदा उघडा. वहिनींनी मजूर लावून, भाड्यानं ताडपत्री आणून सगळा झाकला. थेंब पडला नाही. भाऊ तणतणला, चौदाशे रुपये पाण्यात. वहिनी म्हणाल्या, "धा वर्षं असं चौदाशे घाला. अकराव्याला भिजला तर सगळं वसूल हाय." भाऊ गप्प बसला. असा हिशेब ज्या घरात होतो त्या घराला खोट्या ठरलेल्या इशाऱ्याचा राग येत नाही. पण हा हिशेब बाजरीला चालत नाही, कारण पेरायचं एकदाच असतं. कांदेवाल्याला दहात एकदाची शक्यताही सांगायला हवी. बाजरीवाल्याला दहात सहाची सांगतानाही जीभ जड झाली पाहिजे. एकच अंदाज, पण तो दोन घरांत दोन तऱ्हेनं सांगावा लागतो. एवढी घरं वेधशाळा कुठून ओळखणार? म्हणूनच प्रत्येक गावात आणि वेधशाळेत मधे कुणीतरी हवं. ते काम पूर्वी रेडिओनं, मग पेपरनं केलं. कृषी विज्ञान केंद्रांत जिल्ह्याजिल्ह्याला त्यासाठी माणसं नेमली होती, तीही 2024 मध्ये बंद केली. मोबाइल आहे की, म्हणतात. मोबाइल आहे. पण ‘नक्की का?’ असं त्याला विचारलं, तर तो त्या प्रश्नामागचा माणूस बघत नाही.

आण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेती भाऊ बघतो. गेल्या मृगात त्याचा फोन आला. मी सगळा अंदाज त्याला वाचून दाखवला, शब्दाला शब्द, मापासकट.

"ते झालं रं. तू काय म्हणतोस?"

"आपल्या भागात दहा वेळा असं आभाळ आलं तर चार वेळा पडतो, सहा वेळा नाही. मला याच्या पुढं माहीत नाही."

पलीकडं थोडा वेळ शांतता. "बरं. मग दोन एकर टाकतो. तीन एकराचं बी ठिवतो."

पाच-सहा दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला. पाऊस झाला होता. ओढ्याच्या पलीकडं झाला होता, अलीकडं नाही.

"तुझं तुरळक ठिकाण बघून आलो," भाऊ म्हणाला. "आप्पांच्या रानात हाय."